आत्याचा कॅन्सर, वडिलांकडचा वारसा: तपासणी आधी कुणाची करायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं वाचलं असेल तर लगेच कळेल. तुमचं वय ३४, मुलगी सहा वर्षांची. सख्ख्या आत्यांना ५२ व्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन आणि केमो झाली, आता त्या रोजच्या गोळ्यांवर आहेत. आजी, म्हणजे वडिलांची आई, ‘छातीत गाठ होऊन’ पन्नाशीच्या आत गेल्या. वडील ६३ चे आणि ठणठणीत. एका डॉक्टरांनी ‘वडिलांकडचं धरत नाहीत, आईकडे कुणाला नाही ना, मग काळजी नको’ असं सांगितलं. तुम्हाला इंटरनेटवर थुंकीवरून होणारी एक तपासणी दिसली आहे आणि ती मागवावी का हे विचारताय. मिस्टरांचं म्हणणं, नसतं उकरून कशाला काढायचं.

कॅन्सर असलेल्या आणि नसलेल्या कुटुंबांना आनुवंशिक धोक्याबद्दल समजावून सांगणं हेच माझं रोजचं काम आहे. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न आहेत.

पहिल्यांदा ते ‘वडिलांकडचं धरत नाहीत’ काढून टाकू. हे चूक आहे, आणि दुर्दैवाने अजून बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं. स्तन आणि अंडाशयाच्या आनुवंशिक कॅन्सरमागे सर्वाधिक आढळणारी दोन जनुकं म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. बोलताना सगळे ‘ब्रॅका’ म्हणतात. पहिलं १७ व्या गुणसूत्रावर आहे, दुसरं १३ व्या. ही गुणसूत्रं बाईत आणि पुरुषात सारखीच असतात. त्यामुळे त्यातला दोष मुलाकडे जायची शक्यता जितकी, तितकीच मुलीकडे. आणि तो बापाकडून यायची शक्यता जितकी, तितकीच आईकडून. फरक एवढाच की पुरुषाला अंडाशय नसतं आणि स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो. म्हणून दोष त्याच्या अंगात असूनही बाहेर काही दिसत नाही. आजी आजारी, मुलगा धडधाकट, नात पुन्हा आजारी, अशी घरं आम्ही नेहमी पाहतो. मधली पिढी मुलग्यांची असली की वारसा संपला असं सगळ्यांना वाटतं.

तुम्ही विचारलंय ‘मला कॅन्सर होईल का’. याचं उत्तर कुठलीच तपासणी देत नाही. तपासता येतं ते एवढंच, की तुमच्या घरात असा एखादा दोष चालत आलेला आहे का, आणि असेल तर तो तुमच्यापर्यंत पोहोचला आहे का. या दोन पायऱ्या आहेत आणि पहिली सोडून दुसरीवर उडी मारली की पैसे जातात आणि हातात गोंधळ येतो.

दोष ‘असणं’ आणि आजार ‘होणं’ यातलं अंतरही इथेच सांगते. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. ब्रॅका जनुकांचं काम पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं. वाहक व्यक्तीत एक प्रत जन्मापासूनच निकामी असते, पण दुसरी काम करत राहते आणि बहुतेक सगळ्या पेशी आयुष्यभर नीट चालतात. एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेली की दुरुस्ती थांबते, चुका साठत जातात आणि त्या पेशीची वाट कॅन्सरकडे वळू शकते. म्हणून वाहक असूनही कॅन्सर न होता ऐंशी गाठलेल्या बायका असतात. आणि स्तनाचे एकूण कॅन्सर पाहिले तर त्यातले साधारण ५ ते १० टक्केच असे वारशातून येतात. घरात एकाला कॅन्सर झाला की सगळ्यांनी तपासणी करून घ्यावी, असं अजिबात नाही.

मग कुणाच्या घरात शोधायचं? इथे माझ्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन येतं: वंशवृक्ष. कोरा कागद घ्या. तीन पिढ्या काढा, आई आणि वडील दोन्हीकडच्या. प्रत्येकासमोर लिहा: कॅन्सर झाला का, कुठला, कितव्या वर्षी, आणि आता हयात आहेत का. वय फार महत्त्वाचं. सत्तरीत झालेला स्तनाचा कॅन्सर आणि अडतिसाव्या वर्षी झालेला, हे माझ्यासाठी वेगळे आजार आहेत. दोन्ही स्तनांत झाला होता का, एकाच व्यक्तीला दोन वेगवेगळे कॅन्सर झाले का, कुणा पुरुषाला स्तनाचा झाला का, हेही विचारा.

हे विचारणं सोपं नसतं. आमच्या खोलीत ‘घरात कुणाला कॅन्सर?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. आजाराचं नाव घरात उच्चारलेलंच नसतं. म्हणून मी आजाराऐवजी शेवटचे दिवस विचारते. ‘पोटात पाणी झालं, दोनदा काढलं, मग गेली’ असं एखाद्या बाईबद्दल कळलं तर अंडाशयाचा विचार करावा लागतो, अर्थात यकृताच्या आजारातही पोटात पाणी होतंच. ‘कावीळ झाली आणि महिन्या-दोन महिन्यांत आटोपलं’ याखाली कधी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघतो. ‘पिशवीचा कॅन्सर’ हा शब्द तर तीन आजारांना वापरतात. पिशवीच्या तोंडाचा असेल तर तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याचा ब्रॅकाशी संबंध नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा असेल आणि घरात कुणाला मोठ्या आतड्याचा झाला असेल, तर लिंच सिंड्रोम नावाचा वेगळा वारसा डोक्यात येतो. त्याची जनुकं वेगळी आणि उपाय म्हणजे नियमित कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी. आणि अंडाशयाचा असेल तर मग ब्रॅका. म्हणून ‘पिशवी’ ऐकलं की जुनी फाइल, बायोप्सीचा रिपोर्ट, निदान डिस्चार्ज कार्ड तरी शोधायला सांगते.

अजून दोन गोष्टी आपल्याकडे खास विचाराव्या लागतात. पाळीच्या त्रासासाठी पस्तिशी-चाळिशीतच पिशवी काढलेल्या बायका प्रत्येक घरात आहेत. त्यात अंडाशयं काढली की ठेवली? काढली असतील तर त्या बाईला कॅन्सर झाला नाही याला फारसा अर्थ उरत नाही, कारण व्हायची जागाच गेली. दुसरं, मामाच्या किंवा आत्याच्या घरात झालेली लग्नं. तिथे ‘आईकडचं’ आणि ‘वडिलांकडचं’ एकाच घराण्यात मिसळतं आणि कागदावर रेघ दोनदा ओढावी लागते.

उलट बाजूही आहे. एका घरात वडील, काका आणि चुलतभाऊ तिघांना तोंडाचा कॅन्सर, आणि कुटुंब घाबरून जनुक तपासणीला आलेलं. तिघेही तंबाखू मळणारे. घरात चालत आलं होतं ते व्यसन. तिथे तपासणीचे पैसे खर्च करण्यापेक्षा पुढच्या पिढीच्या खिशातली पुडी काढणं जास्त उपयोगाचं.

आता तुमचं घर. अंडाशयाचा कॅन्सर ही एकटी गोष्टसुद्धा जनुक तपासणीला पुरेशी असते, कारण या रुग्णांत वारशाचं प्रमाण स्तनाच्या कॅन्सरपेक्षा बरंच जास्त आहे. त्याला जोडून आजींची पन्नाशीआधीची छातीची गाठ, आणि दोघी आई-मुलगी. एक अट मात्र आहे. अंडाशयाच्या कॅन्सरचे प्रकार असतात. आत्यांच्या बायोप्सीत ‘हाय-ग्रेड सीरस’ असं काही लिहिलं असेल तर माझा संशय बळावतो. ५२ व्या वर्षी हाच प्रकार जास्त दिसतो. ‘बॉर्डरलाइन’ किंवा ‘जर्म सेल’ लिहिलं असेल तर चित्र बदलतं. आजींचा कागद मिळणार नाही हे धरून चाला. ती गाठ कॅन्सरची होती हे आपण समजून चाललोय, सिद्ध नाही.

यापुढे महत्त्वाचं. तपासणी तुमची आधी करायची नाही. आत्यांची करायची.

कारण असं. समजा तुम्ही किट मागवलं आणि रिपोर्ट ‘काही सापडलं नाही’ असा आला. याचे अर्थ दोन. एक, घरात दोष आहे पण तुमच्याकडे आला नाही, तुम्ही सुटलात. दोन, घरातला दोष या तपासणीला दिसतच नाही, किंवा आत्यांचा कॅन्सर वारशाचा नव्हताच. मग तुमच्याबद्दल काहीच नवं कळलं नाही. कागदावर दोन्ही एकसारखे दिसतात. कॅन्सर झालेल्या व्यक्तीत आधी दोष सापडला, तर मग बाकीच्यांत फक्त ती एक जागा पाहायची असते. ती तपासणी पूर्ण तपासणीपेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि ‘नाही’ आलं तर ते खरं ‘नाही’ असतं. त्या व्यक्तीचा धोका चारचौघींइतका.

आणि आत्यांची तपासणी कदाचित झालेलीही असेल. तुम्ही लिहिलंय की त्या रोजच्या गोळ्यांवर आहेत. गोळीचं नाव पाहा. ‘ओलापॅरिब’ किंवा त्याच वर्गातली असेल, तर ती सुरू करण्याआधी डॉक्टर बहुधा ब्रॅका तपासतात, कारण हे औषध दुरुस्ती बिघडलेल्या पेशींवरच जास्त चालतं. दोष नसलेल्यांनाही ती काही वेळा देतात, म्हणून गोळीवरून निष्कर्ष काढू नका, रिपोर्ट मागा. अनेक घरांत हा रिपोर्ट फाइलमध्ये असतो, औषधाचं काम झालेलं असतं आणि भाचे-पुतण्यांसाठी त्यात काही आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. फक्त एवढं बघा की तपासणी रक्तावर झाली होती की गाठीच्या तुकड्यावर. गाठीत सापडलेला दोष फक्त गाठीपुरता असू शकतो. वारशाचा आहे का हे रक्तावरून पक्कं करावं लागतं.

समजा आत्यांमध्ये बीआरसीए-१ चा दोष निघाला आणि तो आजींकडून आला असं धरलं. मग तुमच्या वडिलांकडे तो असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्याकडे पाव. इथे वडिलांची तपासणी तुमच्याआधी करणं शहाणपणाचं. त्यांच्यात नसेल तर तुम्ही, तुमची भावंडं आणि तुमची मुलगी, सगळ्यांचा प्रश्न एका रक्ताच्या नळीत मिटतो. वडील म्हणतील, ‘बायकांच्या आजाराची टेस्ट मी कशाला करू?’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. त्यांना सांगा की यात त्यांचाही स्वार्थ आहे. विशेषतः बीआरसीए-२ असेल तर पुरुषाला प्रोस्टेटचा कॅन्सर व्हायची, आणि झाला तर तो आक्रमक असायची शक्यता वाढते. स्तनाचा आणि स्वादुपिंडाचा धोकाही थोडा वाढतो. ‘पीएसए’ची रक्ततपासणी त्यांच्यासाठी तेवढ्यासाठी महत्त्वाची.

आत्या तयार नसतील, किंवा त्यांची प्रकृती खालावत असेल, तर? सक्ती करू नका. पण त्यांची परवानगी असेल तर त्यांच्या रक्तातला डीएनए काढून जपून ठेवता येतो, म्हणजे पुढे कधीही तपासता येईल. तेही जमलं नाही तर मग वडिलांची किंवा तुमची पूर्ण तपासणी करायची, ‘नाही’चा अर्थ अर्धवट राहणार हे आधीच मान्य करून.

आता आकडे, कारण तेच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यातल्या बायका मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या होत्या, ८० व्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए-१ वाहकांत ७२ टक्के आणि बीआरसीए-२ वाहकांत ६९ टक्के आढळला. अंडाशयाचा अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. अमेरिकेत सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात स्तनाच्या कॅन्सरचा धोका १२-१३ टक्के असतो, भारतात त्याहून कमी. हे आकडे वाहकांचे आहेत, आणि तुम्ही वाहक आहात की नाही हे अजून माहीत नाही. आज तुमच्या हातात आहे ती ‘कदाचित’मधल्या ‘कदाचित’ची पाव शक्यता.

तरी मी तपासणीच्या बाजूने का? अंडाशयामुळे. स्तनाचा कॅन्सर लवकर पकडता येतो. वाहक बाईला साधारण २५ व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि ३० पासून त्याला जोडून मॅमोग्राफी सुचवतात. अंडाशयाला अशी पकड नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांच्या एका अभ्यासात साधारण निम्म्यांवर सीए-१२५ नावाच्या रक्ततपासणीने किंवा सोनोग्राफीने वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. त्या सर्वसामान्य धोक्याच्या बायका होत्या, पण वाहकांसाठीही आम्ही या तपासण्यांवर विसंबत नाही. ‘दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करते ना’ हे समाधान खोटं आहे. खरोखर धोका कमी करतं ते अंडाशयं आणि गर्भनलिका वेळेवर काढणं: बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४०, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ च्या दरम्यान, मुलं झाल्यावर. याची किंमत लहान नाही. पाळी एका दिवसात बंद होते, अंगातून वाफा येतात, झोप जाते, हाडं आणि हृदयावर परिणाम होतो. स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर काही वर्षं हार्मोनच्या गोळ्या देऊन हे सुसह्य करता येतं. पण तुमचं वय ३४ आहे. विचार करायला, दुसरं मूल हवं का हे ठरवायला तुमच्याकडे आत्ता वेळ आहे, चाळिशीत तो कमी असेल. म्हणून उद्या धावायची गरज नाही, पण पाच वर्षं ढकलूही नका.

‘अँजेलिना जोलीसारखं सगळं कापून टाकायचं का?’ हा प्रश्न हमखास येतो. तिच्या आईचा मृत्यू ५६ व्या वर्षी झाला, तिच्यात बीआरसीए-१ चा दोष होता. २०१३ मध्ये तिने स्तन काढल्याचं जाहीर केलं आणि २०१५ मध्ये अंडाशयं काढली. तिचा निर्णय तिच्या घरासाठी समजण्यासारखा होता. पण स्तन काढणं हा एक पर्याय आहे, एमआरआयवर लक्ष ठेवणं हाही तितकाच मान्य पर्याय आहे. मी या बाबतीत कुणाला ढकलत नाही. अंडाशयाच्या बाबतीत मात्र थोडं ढकलते.

ऑनलाइन किटबद्दल. सगळी वाईट नसतात, पण मागवण्याआधी दोन प्रश्न विचारा. दोन्ही जनुकं पूर्ण वाचतात की ठरावीक जागाच? अमेरिकेत २०१८ मध्ये घरबसल्या करायच्या एका प्रसिद्ध तपासणीला परवानगी मिळाली तेव्हा ती फक्त तीन बदल पाहत होती, जे अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू समाजात जास्त आढळतात. तिकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी मुलीला त्यावर ‘नॉर्मल’ मिळालं तर त्याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही. आणि दुसरा प्रश्न, जनुकाचे मोठे तुकडे गळालेले असतील तर ते पकडायची सोय आहे का? नेहमीच्या वाचनात ते निसटू शकतात.

रिपोर्टमध्ये तिसरंच काही येऊ शकतं, त्याची तयारी ठेवा. ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’. प्रयोगशाळा त्याला ‘व्हीयूएस’ लिहितात. जगातली जनुकांची माहिती अजून मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, त्यामुळे आपल्या रक्तात हे जास्त निघतं. बहुतेक व्हीयूएस पुढे निरुपद्रवी ठरतात. त्यावरून ऑपरेशन करायचं नाही, नातेवाइकांना तपासायचं नाही, दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला विचारायचं की वर्गीकरण बदललं का. हे समजावणारं कुणी समोर नसताना रिपोर्ट ई-मेलवर उघडणं मला धोक्याचं वाटतं. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी याची स्वतंत्र सोय आहे, आणि बऱ्याच मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत आता जनुक समुपदेशक असतात.

मिस्टरांच्या म्हणण्याला मी हसणार नाही. न कळण्याचा हक्क हाही हक्क आहे. पण ‘उकरू नका’मागे काय आहे ते विचारून बघा. बऱ्याचदा भीती आजाराची नसते, लोकांना कळण्याची असते. ‘घरात मुलींची लग्नं व्हायची आहेत’ हे मला आजवर सगळ्यात जास्त ऐकायला मिळालेलं कारण आहे. रिपोर्ट तुमचा असतो. तुमच्या परवानगीशिवाय मी तुमच्या चुलत बहिणीलाही सांगू शकत नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर मी एक साधं पत्र लिहून देते, तेच नातेवाइकांत फिरवता येतं. आत्यांशी बोलताना मात्र जपून. ‘माझ्यामुळे पोरींच्या मागे लागलं’ असं त्या लगेच मनावर घेतील.

विम्याचं: आपल्याकडे जनुकीय माहितीवरून भेदभावाला मनाई करणारा अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा नाही. आरोग्य किंवा आयुर्विमा घ्यायचा राहिला असेल तर तपासणीआधी घ्या, आणि फॉर्मवर कुटुंबाचा इतिहास विचारला असेल तर खरा लिहा.

मुलीची तपासणी आत्ता करू नका, कुणी सुचवली तरी. हे प्रौढ वयातले आजार आहेत. सहाव्या वर्षी कळून तिच्यासाठी काहीही वेगळं करायचं नसतं. १८ नंतर तिचं ती ठरवेल.

तर क्रम असा: आत्यांच्या गोळीचं नाव आणि बायोप्सीचा रिपोर्ट, कागदावर तीन पिढ्या, मग समुपदेशकाची भेट. त्या भेटीला जमलं तर वडिलांना सोबत घेऊन जा; आजींबद्दलचे निम्मे प्रश्न त्यांनाच विचारले जातील.